एकच चूल, पण प्रत्येकाचं ताट वेगळं

डिसेंबरात पंधरा दिवस गावाकडे होते. जळगाव जिल्ह्यात अमळनेरच्या पुढे बोरी नदीकाठी आमचं गाव, कापूस वेचणी जोरात चालू, घरात दिवसभर माणसांची ये-जा, आणि मला उद्योग काय सुचला तर फ्रीजवर एक दोनशे पानी वही ठेवली आणि रोज रात्री घरातल्या प्रत्येकाला धरून विचारायला लागले की सकाळपासून आत्तापर्यंत काय काय खाल्लं, काय काय प्यायलं, सगळं सांगा. आहाराचे मोठमोठे सर्व्हे होतात ना, त्यात हीच पद्धत असते, मागच्या चोवीस तासांचं आठवून सांगायचं. दिसायला एकदम सोपी. पण पहिल्याच दिवशी मायने तिचा निकाल लावला. "मी काय खाणार, तुमचं सगळ्यांचं आवरलं का बसते ना मी."

आता हे वहीत काय लिहिणार? मग खोदून खोदून विचारलं. पहाटे साडेपाचला चहा. सातला बाबांबरोबर परत चहा. नऊला भाकरी टाकताना एक फाटली, ती मीठ-मिरची लावून ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाल्ली. अकराला मजुरांसोबत चहा. दोन वाजता दीड भाकरी आणि वांग्याच्या भाजीचा रस्सा, फोडी तोवर संपल्या होत्या. चारला चहा. रात्री सकाळची खिचडी उरली होती, ती टाकून कशी द्यायची म्हणून तीच. यातलं तिच्या लेखी जेवण म्हणजे फक्त दोन वाजताचं, कारण तेवढंच ती बसून जेवली होती.

दहाएक दिवस हे चाललं. घरात सहा माणसं: आजी, बाबा, माय, भाऊ, वहिनी आणि मी. किराणा एक, चूल एक (म्हणजे गॅसच, पण चूल म्हणायची सवय), रोजची भाजी एक. तरी वहीत सहा रकाने सहा तऱ्हेचे. आपण म्हणतो ना की ज्याची त्याची आवड, तर आवड असतेच, पण ताटात काय पडणार याचा निम्म्याहून जास्त निर्णय जिभेपर्यंत पोचायच्या आधीच झालेला असतो. तुमचं वय काय, तुम्ही बाई का पुरुष, काम काय आणि कोणत्या वेळेला, पैसा किती आणि तो कोणाच्या खिशात, शिकलेत किती, जात-धर्म-पंथ कोणता, घरात माणसं किती, राहता गावात का शहरात. अभ्यासक लोक यांना सामाजिक आणि लोकसंख्याविषयक घटक म्हणतात, नाव जड आहे पण गोष्ट आपल्याच घरातली.

मायपासूनच सुरू करू कारण सगळ्यात जास्त गुंता तिथेच आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी म्हणजे ॲनिमिया निघाला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २१.९ टक्के. राज्य तेच, धान्य तेच, बऱ्याचदा घरही तेच, आणि फरक अडीचपट. याचं एक कारण शरीराचं आहे, पाळी आणि बाळंतपणात रक्त जातं, म्हणून आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. पण दुसरं कारण पंगतीचं आहे. जिला जास्त लागतं तीच शेवटी बसते, तोवर पातेल्यात रस्सा उरलेला असतो, दाळ तळाची पातळ आणि मेथीची भाजी तर संपलेलीच.

वर तो चहा. चहात टॅनिन नावाचा एक प्रकार असतो, तो धान्य-भाजीतल्या लोहाला धरून ठेवतो आणि आतड्यात शोषून घेऊ देत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा नको असं २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शनात पण सांगितलंय. उलट जेवताना लिंबू पिळलं, कच्चा टमाटा खाल्ला, तर तेच लोह जास्त लागू पडतं. मी हे मायला सांगितलं. ती म्हणे, "चहा नाही पिला तर दोन वाजेपर्यंत उभं कोण राहील, तू?" आता याला काय बोलणार. तिच्यासाठी चहा पेय नाहीच, ते न्याहारीच्या जागेवर बसलेलं आहे. साखर, दूध, गरम पाणी, भूक मरते, दहा मिनिटं बसायला मिळतं. सर्व्हेत "दिवसाला चार कप चहा" एवढंच येईल, त्या चार कपांनी काय काय झाकलंय ते येणार नाही.

आणि हे फक्त रोजच्या स्वयंपाकात आहे असंही नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, म्हणजे आमची खानदेशी देवी, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू आणि हरभऱ्याची दाळ काढायची तर घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ मोजून. लहानपणी मी विचारलं होतं की माझी मूठ कुठाय, तर आजी हसली होती फक्त. मला कानबाई फार आवडते, गाणी, रात्रभरचं जागरण, सगळंच, त्यामुळे टीका म्हणून नाही सांगत, पण घरात धान्य कोणाच्या नावाने मोजलं जातं हे पोरीला किती लवकर समजतं त्याचं हे उदाहरण आहे.

याची दुसरी बाजू भरीत पार्टी. थंडीत मळ्यात पऱ्हाट्या पेटवून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या हो, त्यात हिरवी वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून तेल, शेंगदाणे, कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची पुरी. हे सगळं करतं कोण? पुरुष! घरात पाण्याचा ग्लास हाताने न घेणारे आमचे काका तिथे शंभर माणसांचं भरीत ठेचतात आणि आहाहा काय ठेचतात. म्हणजे रोजचं रांधणं बाईचं आणि सणावाराचं, मळ्यातलं, चार लोकांत कौतुक होणारं पुरुषाचं. ढाब्यावरची शेवभाजी पण तशीच, माझ्या वहीत दहा दिवसांत ढाबा दोनदा आला, दोन्ही वेळा भावाच्या रकान्यात.

आता आजी. वय ७८. तिचा रकाना वाचून आधी वाटलं काहीच बदलत नाही, सकाळ-संध्याकाळ बाजरीची भाकरी दुधात कुस्करून. कवळी आहे पण डबीतच जास्त असते, टोचते म्हणते. म्हातारपणी जीभ आणि नाक दोन्ही मंदावतात, चव लागत नाही, म्हणून वरून मीठ घेते, आणि गोळी मात्र बीपीची चालू. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे असं सांगतात, आणि आपल्याकडे एका पापडा-लोणच्यातच त्याची वाट लागते. तहानेचं तर अजून वेगळं. वय वाढलं की शरीराला पाणी लागतं पण तहान लागल्याचं तेवढं जाणवत नाही, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हे प्रकरण जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेव्हा पितील असं म्हाताऱ्या माणसाबाबत धरून चालता येत नाही, हातात तांब्या द्यावा लागतो.

आणि दाळ. वयाबरोबर स्नायू झिजतात, तेव्हा प्रोटीन उलट नीट लागतं, पण दात नाहीत म्हणून आधी सुटतात त्या वस्तू म्हणजे शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी. उरतं मऊ मऊ, म्हणजे भात, बिस्कीट, दूध-भाकरी. आजीच्या बाबतीत एक गोष्ट मला वहीमुळेच कळली. ज्या दिवशी समोरच्या जिजी तिच्याकडे येऊन बसायच्या त्या दिवशी आजी जास्त खायची, दोन घास भाजी, एखादा लाडू, काहीतरी. सोबत असली की माणूस जास्त खातो हे संशोधनात वारंवार दिसलंय. आजोबा गेल्यापासून आजी तिच्या खोलीत ताट मागवून घेते. आम्ही म्हणायचो, वय झालं, भूक कमी झाली.

भाऊ ३४ चा. भुसावळला रेल्वेत आहे, अमळनेरहून अप-डाऊन करतो, शिफ्ट फिरती. त्याचा रकाना सगळ्यात मजेदार. दिवसपाळीच्या आठवड्यात टिफिन, भाकरी-भाजी, ताक, अगदी शहाण्यासारखा. रात्रपाळी लागली की दीड वाजता पाव आणि चहा, साडेतीनला भजी आणि चहा, सकाळी घरी येऊन दोन पोळ्या हाणायच्या आणि झोपायचं. माणूस तोच, पगार तोच, अक्कल तीच, फक्त घड्याळ बदललं! शरीराचं आतलं घड्याळ रात्री जेवणासाठी तयार नसतं, तेच अन्न दिवसाऐवजी रात्री खाल्लं की रक्तातली साखर जास्त वर जाते आणि जास्त वेळ वर राहते. त्यात झोप मोडली की भूक वाढवणारी हार्मोन्स वर-खाली होतात आणि तळलेलं, गोड असलंच खावंसं वाटतं. आणि समजा त्याला रात्री दोन वाजता वरण-भात खायचाच असेल तर मिळणार कुठे, त्या वेळेला जे उघडं असतं तेच माणूस खातो. डॉक्टर लोक "बाहेरचं बंद करा" लिहून देतात तेव्हा मला नेहमी वाटतं की यांनी आधी शिफ्ट विचारली का.

पैशाचं थोडं सविस्तर सांगते कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

एर्न्स्ट एंगेल म्हणून एक जर्मन आकडेशास्त्रज्ञ होता, त्याने १८५७ मध्ये कुटुंबांचे खर्च बघून एक नियम मांडला, की कमाई जसजशी वाढते तसतसा खर्चातला जेवणाचा वाटा कमी होतो. म्हणजे श्रीमंत माणूस जेवणावर रुपये जास्त घालवतो पण त्याच्या शंभरातले कमी जातात. भारतात हे अगदी दिसतं. खेड्यातल्या घराच्या शंभर रुपये खर्चातले १९९९-२००० मध्ये साधारण ५९ रुपये खाण्यावर जायचे, २०२३-२४ च्या सरकारी खर्च सर्वेक्षणात ते ४७ वर आलेत, शहरात ४० च्या आसपास. पण खरी गंमत आतल्या वाटपात आहे. तेव्हा खेड्यातल्या शंभरातले २२ रुपये नुसत्या धान्यावर जायचे, आता पाचच्या आसपास. आणि खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा कशाचा झाला? दूध नाही, भाजी नाही, तर पेयं आणि तयार पाकीटबंद खाणं, जवळपास १० रुपये. खेड्यातसुद्धा! आमच्या गावातल्या टपरीवर लटकणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा बघितल्या की हा आकडा डोळ्यासमोरच दिसतो.

लोक म्हणतात गरीब माणूस पुड्यांवर पैसे का उडवतो. आमच्या मळ्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारं कुटुंब आहे, पावरा आदिवासी, सातपुड्यातल्या धडगावकडचे, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला त्यांचं साल ठरतं. त्यांची बाई दिवसभर कापूस वेचते, संध्याकाळी काडक्या गोळा करून चूल पेटवते, तोवर तिची तीन पोरं भुकेने रडकुंडीला. दहा रुपयांचा पुडा म्हणजे त्या एका तासाची शांतता आहे. दाळ शिजवायला सरपण लागतं, वेळ लागतो, पाणी लागतं, आणि तिन्ही गोष्टी पैशासारख्याच मोजाव्या लागतात. त्यांचा चहा कोरा, दूध नाही, पण साखर आपल्या दुप्पट, कारण अंगमेहनतीला पटकन ताकद देणारं त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

तिने एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवली मी. म्हणे डोंगरात आमच्याकडे ज्वारीची भाकर आणि उडदाची दाळ असायची, आता भात. का, तर रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य ठरलं, अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पोटाला आधार झाला यात वादच नाही, पण दुकानात येतो तो बहुतेक गहू आणि तांदूळ. दोन-तीन दशकांपूर्वी ज्वारीची भाकरी म्हणजे गरिबाचं आणि पोळी म्हणजे पाहुण्याचं, सणाचं. आता तीच दादर ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग, जळगावातल्या हॉटेलात भाकरीचे वेगळे पैसे घेतात आणि डायबिटीसवाले लोक डॉक्टरने सांगितलं म्हणून ती खातात. एका पिढीत धान्याची जातच बदलली म्हणायची! आणि कळण्याच्या भाकरीत तर आपल्या म्हाताऱ्या बायांनी शास्त्र भरून ठेवलं होतं, ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसीन नावाचा एक घटक कमी असतो तो उडदात भरपूर, दोन्ही एकत्र दळले की एकमेकांची उणीव भरून निघते.

शिक्षणाचं मात्र मला पूर्वी वाटायचं तेवढं सरळ नाही. वहिनी बीएस्सी, पाकिटाच्या मागचं बारीक छापलेलं वाचते, कुठल्या तेलात काय असतं ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण किराणा बाबा आणतात, तेलाचा डबा बाबांच्या ओळखीच्या दुकानातून येतो आणि भाजीत किती तर्री पाहिजे ते भाऊ ठरवतो. नुसतं माहीत असून चालत नाही, पिशवी कोणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःचा पैसा असतो तिथे अंडी-दूध-फळांचं गणित बऱ्याचदा वेगळं दिसतं, त्यात मुलांच्या ताटाचा फायदा होतो आणि कधी कधी तिच्या स्वतःच्या पण.

पिण्याचं राहिलंच की. दारूचा प्रश्न मी वहीत टाकला तेव्हा घरात एकदम शांतता, बाबा माळकरी, भावाने पंख्याकडे बघितलं. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे १३.९ टक्के पुरुष आणि ०.४ टक्के बायका दारू पितो असं म्हणाले. म्हणाले, हा शब्द महत्त्वाचा आहे हां. चहाचे कप लोक मोकळेपणाने मोजतात, दारूचे पेले नाही, आणि बायका तर नाहीच नाही, त्यामुळे असल्या आकड्यांना खालची मर्यादा समजायचं. परत सातपुड्यात मोहाची दारू देवाला वाहिली जाते, जन्माला, लग्नाला, मरणाला ती लागते, बाया-पुरुष एकत्र घेतात, तिथे ते लपवण्यासारखं नसतं. खाली सपाटीवर तीच दारू बाटलीत आणि पुरुषांची, आणि श्रावण लागला की महिनाभर बंद, गटारीला महिन्याचा कोटा पूर्ण करून. शरीरासाठी मोहाची काय आणि बाटलीतली काय, अल्कोहोल ते अल्कोहोलच, पण कोण पिणार, कधी, कोणासमोर आणि कुठे थांबणार ते ठरवतो समाज.

आणि साधं पाणी. कापूस वेचायला येणाऱ्या बायांना मी विचारलं की दुपारपर्यंत किती पाणी पिता, तर एकीने दुसरीकडे बघितलं आणि हसल्या. शेतात आडोसा नाही, पुरुष मजूर बाजूच्याच ओळीत, मग पाणीच कमी प्यायचं, सोपा उपाय. पुढे लघवीची जळजळ, डोकेदुखी, मूतखडा. हे कुठल्याही "आठ ग्लास पाणी प्या"वाल्या रीलमध्ये येत नाही.

माझा रकाना मी शेवटी बघितला आणि सगळ्यात भंगार तोच निघाला, म्हणजे गावाकडचा नाही, पुण्याहून येताना आठवून लिहिलेला आदल्या आठवड्याचा. एकटी राहते, पगार चांगला, शिक्षण घरात सगळ्यात जास्त, लोहाचं-टॅनिनचं भाषण देता येतं, आणि सात रात्रींपैकी चार रात्री मोबाइलवरून मागवलेलं, दोन रात्री मॅगी, एक रात्र केळं. एका माणसासाठी कांदा चिरायचा कंटाळा येतो हो. आजी दुधात भाकरी कुस्करते तेच मी मॅगीने करते, वय फक्त पन्नास वर्षांनी कमी.

एक खबरदारी मात्र घ्या, असं वाचून लगेच "बायका असंच खातात, आदिवासी तसंच पितात" म्हणू नका. हे घटक सुटे सुटे नसतात, एकमेकांत अडकलेले असतात. माय बाई आहे म्हणून शेवटी जेवते, की सून होती तेव्हाची सवय म्हणून, की घरात मजुरांची उठबस आहे म्हणून? वहिनी पण बाईच, पण ती साडेनऊला डबा घेऊन शाळेत शिकवायला निघते म्हणून तिचं जेवण वेळेवर होतं. म्हणूनच अभ्यासक एकाच वयाच्या, साधारण सारख्या कमाईच्या लोकांची आपसात तुलना करतात, म्हणजे फरक पैशाने पडला का वयाने का कशाने ते थोडंफार वेगळं काढता येतं. पूर्ण वेगळं कधीच निघत नाही.

निघायच्या दिवशी वही मायकडे दिली, म्हटलं तू लिही आता, रोजचं. मागच्या पानांवर तिने दुधाचा हिशोब सुरू केलाय असं वहिनीने फोनवर सांगितलं आणि पुढच्या पानाचा फोटो पाठवला. बाबांच्या, आजीच्या, भावाच्या रकान्यात मायच्या अक्षरात सगळं व्यवस्थित, अगदी "भाऊ, दोन वाट्या शेवभाजी, तर्री जास्त" इथपर्यंत. तिच्या स्वतःच्या रकान्यात लिहिलंय, "सकाळी चहा. बाकी नंतर लिहिते."